घंटा थांबेपर्यंत

"काही फरक?" प्रतोदाने फोनवर विचारलं.

"नाही," मौनी म्हणाला.

"बरं, बरं. काळजी घ्या त्यांची," असं म्हणून प्रतोदाने फोन ठेवला.

सकाळपासून हा प्रश्न किती वेळा विचारून झाला, याची मोजदाद मौनीने सोडून दिली होती. आजाऱ्याची कुणी इतकी विचारपूस केली, तर घरच्यांच्या डोळ्यांत खरं म्हणजे पाणी यावं. पण प्रतोदाची आस्था जरा वेगळ्या जातीची होती. आजारी माणूस संध्याकाळच्या मतदानाआधी जातो की नंतर, एवढंच त्याला कळायला हवं होतं, आणि आधी गेला तर त्याची काही तक्रार नव्हती.

मौनीने रिसीव्हर जागेवर ठेवला, सिस्टरच्या टेबलाला धरून गुडघे सरळ केले आणि रुग्णालयाच्या लांबलचक व्हरांड्यातून तो परत निघाला. फोन या टोकाला, खोली त्या टोकाला. दर वेळी शिपाई येऊन दारात नुसता उभा राहायचा, आणि मौनी काय ते समजून उठायचा. खाली फाटकापाशी प्रतोदाने पाठवलेली गाडी सकाळपासून उभी होती. ड्रायव्हर पाय दाराबाहेर काढून झोपला होता. मौनीला त्याचा मनापासून हेवा वाटला.

हे सगळं नीट सांगायला हवं, नाहीतर प्रतोद अगदी राक्षस वाटेल, आणि तो बिचारा राक्षस नव्हता. आपल्या पक्षाची माणसं मतदानाच्या वेळी सभागृहात हाकून आणायची, हे त्याचं काम. कोण चहा पीत बसलंय, कोण लग्नाला गेलंय, कोण रुसलंय, हे सगळं त्याला तोंडपाठ असायचं. आज सरकारवर अविश्वासाचा ठराव आला होता. दोन्हीकडची डोकी मोजून झाली होती, आणि सरकार एका मताने मागे पडत होतं. मौनी आत आला, तर मतं समसमान होणार होती. समसमान झाली की सभापतींचं मत सरकारच्या पदरात पडणार होतं. म्हणजे एवढं मोठं सरकार, त्याचे मंत्री, त्यांच्या गाड्या, त्यांचे शिपाई, सगळं मौनीच्या दोन दुखऱ्या गुडघ्यांवर उभं होतं.

आणि मौनी आत जाऊ शकत नव्हता, कारण तो जोडीने बांधला गेला होता.

जोडी हा त्या सभागृहाचा जुना रिवाज. नियमांच्या पुस्तकात तो कुठेच नव्हता आणि सभापतींच्या कानावर तो कधी अधिकृतपणे गेला नव्हता. सरकारी बाकांवरचा एक आणि विरोधी बाकांवरचा एक, अशा दोघांनी एकमेकांना शब्द द्यायचा. तू आजारी पडलास, तुझ्या घरी काही कमीजास्त झालं, तर त्या दिवशी मीही मत देणार नाही. एक इकडून वजा, एक तिकडून वजा, ताळमेळ जागच्या जागी. लेखी काही नाही, साक्षीदार नाही. पण जोडी मोडणाऱ्याजवळ कँटीनमध्ये पुन्हा कुणी बसत नसे. प्रतोदाला स्वतःलाच रोज चार जोड्या जुळवाव्या लागत, त्यामुळे मौनीला "मोडा" म्हणायची त्याची हिंमत नव्हती. देवाने काही मनावर घेतलं तर मात्र त्याची हरकत नव्हती.

मौनीची जोडी त्या खोलीत लोखंडी पलंगावर पडली होती. विरोधी पक्षाचे वकील. सगळी वर्तमानपत्रं ज्यांच्या भाषणांना पहिलं पान द्यायची, ते हे वकील. आता त्यांचा आवाज पलंगाच्या कडेपर्यंतसुद्धा धड पोचत नव्हता.

मौनीचं खरं नाव मतपत्रिकेवर होतं आणि दाराच्या पाटीवर होतं. बाकी सगळ्यांना तो मौनी. स्वातंत्र्याआधी तो शाळेत भूगोल शिकवायचा. चळवळीत तुरुंगात गेला, सुटून आला, आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं ते थेट सभागृहात नेऊन ठेवलं. पहिल्या निवडणुकीत त्या पक्षाच्या नावावर दगड उभा केला असता तरी निवडून आला असता, असं विरोधक म्हणायचे. खाजगीत मौनीचं स्वतःचं मत फारसं वेगळं नव्हतं.

पहिलं भाषण त्याने घोकून तयार केलं होतं. त्याच्या मतदारसंघातल्या नदीवर पूल नव्हता, दर पावसात होड्या उलटायच्या, त्याबद्दल. तो उठला, "सभापती महोदय" म्हणाला, आणि घशाला कोरड पडली. समोरच्या बाकांवरून एक तरुण वकील ओरडला, "आवाज! महोदय, सन्माननीय सभासद नदीबद्दल बोलतायत की नदीच्या तळातून?" सगळं सभागृह हसलं. सभापतीसुद्धा हसले. मौनी खाली बसला, आणि त्यानंतर सतरा वर्षं तो उठलाच नाही. एकही खोटं न बोललेला सभागृहातला एकमेव सभासद, अशी त्याची ख्याती झाली, कारण तो मुळी बोललाच नव्हता.

त्या दिवशी वकील त्याला शोधत कँटीनमध्ये आले होते. "अरे, मी गंमत केली. तू खरंच बसशील असं मला काय माहीत?" असं म्हणत त्यांनी चहा मागवला. पुढे कित्येक महिने ते त्याच्या मागे लागले होते. "तू उठ. मी तोंडाला कुलूप घालतो." मौनी उठला नाही, पण चहा चालू राहिला. बोलणाऱ्याला ऐकणारा मिळाला, आणि न बोलणाऱ्याचीही सोय झाली. पूल मात्र झाला. मौनी कचेरीकचेरीत फाईलमागे फिरला, टेबलाटेबलापाशी उभा राहिला, या साहेबाची सही, त्या साहेबाचा शेरा, आणि नऊ वर्षांनी पूल झाला. गुडघे गेले ते त्यातच. उद्घाटनाच्या दगडावर मंत्र्यांचं नाव आहे.

बाकी आयुष्य म्हणजे सरकारी निवासस्थानातल्या दोन खोल्या. खुर्चीच्या पाठीवरसुद्धा सरकारी क्रमांक रंगवलेला. उजाडायच्या आत दारात माणसं. कुणाची बदली, कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाचा टेलिफोन. दात घासताना अर्ज, दाढी करताना अर्ज. मौनी कुणाला नाही म्हणायचा नाही, आणि त्यातलं निम्मंही व्हायचं नाही. माणसं दोष देऊन जायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायची. तो थकला होता. झोपून उठल्यावर जाणारा हा थकवा नव्हता. सकाळी डोळे उघडायच्या आधीच तो अंगावर येऊन बसलेला असायचा.

काल प्रतोद घरी आला होता. क्रमांक रंगवलेल्या खुर्चीवर बसून, आवाज खाली आणून म्हणाला होता, "हा एक दिवस निभावला, तर खातेवाटप नव्याने होणार. उपमंत्र्याची एक जागा आहे. ज्येष्ठता तुमचीच लागते, मौनीबुवा. पंतप्रधानांशी बोलून झालंय."

मौनीला ती जागा नको होती, असं म्हणायचं म्हणजे थाप. हवी होती. गाडी नको होती, बंगला नको होता. पण उपमंत्र्याला प्रश्नोत्तराच्या तासाला उभं राहावं लागतं, आणि त्याची उत्तरं ठरलेली असतात, खात्याने टंकून दिलेली. अमुक घडलं हे खरं आहे काय? "नाही, महोदय." असल्यास सरकार काय करणार आहे? "प्रश्न उद्भवत नाही." बस्स, एवढंच. एवढं तर आपल्याला येईल, असं मौनीला फार वर्षांपासून वाटत होतं. एकदा उठायचं, "नाही, महोदय" म्हणायचं आणि खाली बसायचं. हे त्याने फक्त दोघांना सांगितलं होतं, बायकोला आणि वकिलांना. बायको आता नव्हती.

मौनी खोलीत शिरला. खिडकीपाशी वकिलांची बायको थर्मासचं झाकण उगीचच उघडझाप करत बसली होती. मौनी तिला वहिनी म्हणायचा. छतावरचा पंखा फिरताना एका ठिकाणी अडल्यासारखा टकटकत होता. खिडकीतून रस्त्यापलीकडे सभागृहाची मागची भिंत दिसत होती. बागेत फिरणाऱ्या सभासदांना ऐकू यावी म्हणून मतदानाची एक घंटा त्या भिंतीवर बाहेरूनही बसवलेली होती.

"प्रतोद काय म्हणतोय?" वकिलांनी डोळे न उघडताच विचारलं.

"तुझी चौकशी करतोय."

"माझी की मुहूर्ताची?"

"आता पुरे हं," वहिनी म्हणाल्या. "डॉक्टरांनी बोलू नका म्हटलंय."

"आयुष्यभर बोलून पोट भरलं, आता शेवटी उपास करू?" वकिलांनी डोळे उघडले. "मौनी, मी विचार करून ठेवलाय. मी गेलो की जोडी सुटते."

"नियम नाही तसा."

"नियम नाही म्हणूनच तर सांगतोय. करार दोघांचा. एक गेला की करार संपला. माझं मत आपोआप गळालं, मग तुझं का बांधून ठेवायचं? कुठल्याही कोर्टात जा. तू मोकळा."

"तू वकिली कोणाची करतोयस?"

"सवय रे. समोरच्याची बाजू आधी मांडून बघायची." त्यांना धाप लागली. वहिनींनी चमच्याने दोन घोट पाणी पाजलं. ते गिळून होईपर्यंत तिघंही थांबली.

"मग तू गेलास, तर मी जाऊ?" मौनीने विचारलं.

"मी गेल्यावर मला काय विचारतोस?" वकील हसले, आणि हसण्याचा खोकला झाला. तो बसल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "उपमंत्री हो, मौनी. मी विरोधी पक्षाचा, तरी सांगतो, हो. तुला उभं राहिलेलं मला बघायचं होतं. मी असा प्रश्न विचारला असता, की खात्याची भंबेरी उडाली असती."

"मी म्हटलं असतं, नाही, महोदय."

"प्रश्न उद्भवत नाही," वकील म्हणाले आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

मौनी पलंगाजवळच्या स्टुलावर बसून राहिला. बायकोच्या शेवटच्या दुखण्यातही तो असाच स्टुलावर बसला होता, गावाकडच्या घरात. तेव्हा इथे वकिलांचा स्वतःचा ठराव मतदानाला आला होता. भाडेकरूंना रातोरात घराबाहेर काढता येऊ नये, असा. पाच वर्षं त्या ठरावासाठी त्यांनी रक्त आटवलं होतं. मौनीने पोस्टातून ट्रंककॉल लावला. कडकडाट होता, निम्मं ऐकू येत नव्हतं. "मला येता येत नाही," एवढंच तो ओरडला होता. "बस तिच्याजवळ, मी बाहेर राहतो," एवढंच पलीकडून आलं होतं. ठराव थोडक्यात पडला. वकील त्या वेळी कँटीनमध्ये एकटे बसले होते, हे मौनीला पुढे दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं. स्वतः वकिलांनी तो विषय कधी काढला नाही. ज्या माणसाला आपली सर्दीसुद्धा पाच मिनिटं वर्णन करून सांगावीशी वाटायची, तो या एका गोष्टीबद्दल गप्प राहिला होता.

ऊन भिंतीवरून खाली उतरलं. शिपाई दोनदा येऊन उभा राहिला, मौनी दोनदा व्हरांडा तुडवून आला. "काही फरक?" "नाही." दुसऱ्या वेळी प्रतोदाचा आवाज बसलेला होता. "मलाही हे बरं दिसत नाही हो," तो मध्येच म्हणाला. "पण करू काय? माझ्यामागे पन्नास जण लागलेत." मौनीला त्याचीही कीव आली.

परत आल्यावर त्याने पाहिलं, तर वहिनी खिडकीपाशी नव्हत्या. त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या आणि त्यांनी वकिलांचा हात आपल्या मांडीवर घेतला होता. पंखा टकटकत होता. त्या दोन टकटकींच्या मध्ये इतका वेळ जो एक घरघरता आवाज येत होता, तो आता येत नव्हता.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "बघा हो जरा."

मौनीने पाहिलं. नाकाशी हात धरला, मनगट चाचपलं. त्याला यातलं काही कळत नव्हतं, पण एवढं कळायला डॉक्टर लागत नाही. त्याने वकिलांचा चष्मा उशीवरून उचलला, घडी घातली आणि तो कुठे ठेवावा हे न सुचून स्वतःच्या खिशात घातला.

दारात शिपाई येऊन उभा राहिला होता. आत काय झालंय, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

वहिनींनी मौनीकडे पाहिलं. त्यांचे डोळे कोरडे होते. सतरा वर्षं त्यांनीही हेच राजकारण जेवणाच्या ताटावर ऐकलेलं होतं, त्यांना काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"जायचं तर जा, भावजी," त्या इतक्या हळू म्हणाल्या, की शिपायाला ऐकू जाऊ नये. "ते म्हणालेच होते. मी काही मनात धरणार नाही."

मौनी व्हरांड्यात आला. या वेळी व्हरांडा नेहमीपेक्षा लांब होता. रिकामी स्ट्रेचरगाडी भिंतीला लावून ठेवली होती, तिला धरून तो जरा थांबला. प्रतोदाची गाडी खाली उभी होती. सत्य सांगितलं की काम होणार होतं. "गेले," एवढा एकच शब्द. तो शब्द खराही होता आणि फायद्याचाही होता, आणि असा योग राजकारणात माणसाच्या वाट्याला क्वचित येतो. वकिलांनी त्याला सोडलं होतं, वहिनींनी सोडलं होतं, कायद्याने तर कधीच सोडलं होतं. पण ज्याला शब्द दिला होता तो गेला, आणि शब्द मात्र अजून मौनीपाशीच होता. तो आता परत कुणाला करायचा? त्याने पुढे विचार केला नाही. विचार करायलासुद्धा ताकद लागते.

त्याने रिसीव्हर कानाला लावला.

"पंतप्रधानांचं उत्तर संपत आलंय," प्रतोद घाईघाईने म्हणाला. मागे बाकं बडवल्याचा आवाज येत होता. "आता कुठल्याही क्षणी घंटा होईल. काही फरक?"

मौनी टेबलावर टेकला होता, तो सरळ उभा राहिला.

"नाही, महोदय," तो म्हणाला.

"महोदय काय? मौनीबुवा, बरं आहे ना तुमचं? शुद्धीवर आहेत का ते?"

"प्रश्न उद्भवत नाही," मौनी म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. सिस्टर नोंदी करत होत्या, त्यांनी मान वर करून पाहिलं. खणखणीत आवाज होता. आपला आवाज असा असेल, हे मौनीला माहीतच नव्हतं.

तो खोलीत आला आणि त्याने दार आतून लोटून घेतलं. वहिनी तशाच बसल्या होत्या, हात मांडीवर घेऊन.

"काय सांगितलंत?"

"काही फरक नाही म्हणून."

मग रस्त्यापलीकडे घंटा वाजायला लागली. ती घंटा गोड कधीच नव्हती. कुणीतरी पत्रा खरवडतंय असा तिचा आवाज होता, आणि सभागृहातली, कँटीनमधली, बागेतली सगळी माणसं आता त्या आवाजामागे धावत असतील. खाली ड्रायव्हर दचकून उठला आणि त्याने गाडी सुरू करून ठेवली. इंजिनाची घरघर वर ऐकू येत होती. अजून वेळ होता. घंटा वाजते आहे तोवर दारं उघडी असतात. मौनीचे पाय आपोआप ताठ झाले, इतक्या वर्षांची सवय. तो स्टुलावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले.

तेव्हा कुठे त्याने वहिनींकडे नीट पाहिलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते. मानेची शीर थरथरत होती. पदराचा बोळा करून त्यांनी मुठीत धरला होता, आणि बंद दाराकडे त्यांचं लक्ष होतं, कारण बाहेर आवाज गेला असता, तर सिस्टर आल्या असत्या, आणि सिस्टर आल्या असत्या तर सगळ्यांना कळलं असतं. आपण मोठ्या ऐटीत शब्द पाळत होतो, आणि त्याची किंमत या बाईकडून वसूल करत होतो. नवरा गेला त्या घटकेला तिचं रडणं थांबवून ठेवलं होतं. तिला विचारलंसुद्धा नव्हतं.

"वहिनी," तो म्हणाला, "माझं चुकलं. बोलावतो मी सिस्टरना. तुम्ही रडा."

वहिनींनी मान हलवली. "लग्न झाल्यापासून यांच्या घंटेसाठी थांबतेय," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "ताटं वाढून थांबले, दुखत असताना थांबले. आता एवढीच राहिलीय. होऊ दे."

ती दोघं बसून राहिली. मौनीने खिशातला चष्मा काढून वकिलांच्या छातीवर ठेवला, मग त्यांच्या दुसऱ्या हातावर हात ठेवला. हात अजून कोमट होता. डोळ्यांतून पाणी गालांवर आलं तरी त्याने पुसलं नाही.

घंटा थांबली. पलीकडे दारं बंद झाली असणार. खाली ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

आणि मग वहिनी रडल्या. मोठ्याने, तोंडावर हात न धरता, कुणी ऐकेल याची पर्वा न करता त्या रडल्या, आणि मौनी दार उघडून सिस्टरना बोलवायला निघाला.